उतारावरचा काजू, कुळागराचा व्हाळ आणि खाजनाचा बांध: माती-पाण्याबद्दलच्या प्रश्नांना उत्तरे

पाऊस ओसरू लागला की माती आणि पाण्याविषयीचे प्रश्न वाढतात. त्यांतले पाच इथे घेतले आहेत. सगळ्यांना लागू पडणारी एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी. गोव्यात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, वाळपई-सांगेच्या बाजूला त्याहूनही जास्त, आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घाटापलीकडच्या कमी पावसाच्या भागातले चर आणि बांध बघून तेच माप इथे आणले, तर पहिल्याच मुसळधार पावसात ते फुटतात. आपल्याकडे पाण्याला आधी वाट द्यायची आणि मग ते अडवायचे.

प्रश्न: केरी (सत्तरी) भागात डोंगर उतारावर काजू आहे. दर पावसाळ्यात माती वाहून जाते, झाडांची मुळे उघडी पडली आहेत. गेल्या मे महिन्यात चर खणले, ते जुलैपर्यंत गाळाने भरले आणि दोन ठिकाणी फुटले. काय चुकले?

दोन चुका झाल्या. पहिली म्हणजे वेळ. मे महिन्यात खणलेली भुसभुशीत माती चराच्या कडेला मोकळी पडून राहते आणि जूनच्या पहिल्या सरींनी तीच चरात उतरते. दुसरी चूक म्हणजे जादा पाण्याला वाट ठेवली नाही. साधा हिशेब करून बघा. 3 मीटर लांब, 60 सें.मी. रुंद आणि 45 सें.मी. खोल चरात साधारण 800 लिटर पाणी मावते. दोन ओळींत 8 मीटर आणि दोन चरांत 3 मीटर अंतर धरले, तर एका चराच्या वाट्याला वरची सुमारे 48 चौरस मीटर जमीन येते. तिच्यावर एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला, आणि असे दिवस आपल्याकडे दुर्मीळ नाहीत, तर 4,800 लिटर पाणी होते. अर्धे जमिनीत मुरले तरी उरलेले चरात मावणाऱ्या पाण्याच्या तिप्पट. म्हणजे चर भरून वाहणारच. कुठून वाहायचे हे तुम्ही ठरवले नाही, तर पाणीच ठरवते.

कामाचा क्रम असा ठेवा.

आधी उतार मोजा. एक मीटरची सरळ काठी जमिनीला एक टोक टेकवून आडवी, समपातळीत धरा आणि दुसरे टोक जमिनीपासून किती सेंटिमीटर वर आहे ते बघा. 20 आले तर उतार 20 टक्के. 33 च्या वर आकडा आला, तर त्या पट्ट्यात चर खणूच नका. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीवर मातीचा थर पातळ असतो. तीव्र उतारावर चरात पाणी तुंबले की तो थर भिजून जड होतो आणि खालच्या कातळावरून अख्खा घसरू शकतो. अशा ठिकाणी गवताच्या ओळी, दगडी ताली आणि प्रत्येक झाडापुरता ओटा, एवढेच करा.

समपातळी रेषा आखायला तीन काठ्यांची घोडी पुरते: दोन मीटरच्या दोन काठ्या वरच्या टोकाला बांधून पाय फाकवायचे, मध्ये आडवी काठी बांधायची आणि शेंड्यापासून दोरीला दगड लोंबकळत सोडायचा. दोन्ही पाय कुठे टेकले ते खुणा करून ठेवा, दोरी आडव्या काठीला लागते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून त्याच दोन जागी घोडी पुन्हा ठेवा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. हे केल्याशिवाय नुसत्या नजरेने आखलेला चर एका बाजूला कलतो, सगळे पाणी त्या टोकाला धावते आणि तिथेच घळ पडते. तुमचे दोन चर जिथे फुटले, ती जागा चराचे सखल टोक आहे का, ते घोडीने तपासा.

रेषा आखली की जून-जुलैत त्या रेषेवर वाळा लावा. दोन-तीन फुटव्यांचा एक जुडगा, दोन जुडग्यांत 10 ते 15 सें.मी. अंतर ठेवा. याहून जास्त ठेवले तर मधल्या फटींतून पाणी जोराने निसटते. गवती चहाही चालतो, पण वाळ्याची मुळे सरळ खोल जातात म्हणून पहिली पसंती वाळ्याला. चर त्याच वर्षी ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, जमीन ओली आणि मऊ असताना वाळ्याच्या वरच्या बाजूला खणा. मजुरी कमी लागते आणि उपसलेली माती अडवायला गवत आधीच तयार असते. माती नेहमी खालच्या अंगाला टाका, चराच्या काठापासून 30 सें.मी. जागा सोडून. काठावरच ढीग केला तर तो परत चरात कोसळतो. चर 3 मीटरचा, मध्ये 3 मीटर न खणलेली जमीन, आणि खालच्या ओळीतला चर वरच्या मोकळ्या जागेसमोर यावा. सलग लांब चर एका जागी फुटला तर सगळे पाणी तिथूनच ओढून नेतो. तुटक चरात नुकसान तेवढ्यापुरतेच राहते.

जादा पाण्यासाठी बागेच्या कडेची नैसर्गिक घळ वापरा, नवी काढू नका. घळीत सुट्या चिऱ्यांचे बांध घाला. पाया 30 सें.मी. जमिनीत, उंची 60 सें.मी. पुरे, आणि बांधाचा मधला भाग कडांपेक्षा 15 ते 20 सें.मी. खाली ठेवायचा. हीच गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. वरून सपाट बांध असला की पाणी कडेने वळसा घालते, काठ खाते आणि पुढच्या वर्षी बांध मध्येच उभा आणि घळ दोन्ही बाजूंना अशी स्थिती होते. दोन बांधांतले अंतर असे ठेवा की खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत येईल.

उघड्या मुळांसाठी झाडाच्या खालच्या अंगाला, बुंध्यापासून दोन मीटरवर अर्धचंद्राकृती बांध घाला आणि वरच्या बाजूची माती थोडी ओढून मुळांवर पसरा. बुंध्याला मात्र माती भिडू देऊ नका, साल कुजते. चरांतला गाळ दर उन्हाळ्यात काढून याच आळ्यात टाका. ती तुमच्याच डोंगराची वरची सकस माती आहे.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बिया वेचायला सोपे जावे म्हणून काजूखालचा पाला जाळत असाल, तर ते याच वर्षी थांबवा. पाला जळाला की जूनचे थेंब थेट उघड्या मातीवर आपटतात, आणि मग चर आणि बांध कितीही घातले तरी गाळ येतच राहतो. पाला फक्त झाडाखालून बाजूला ओढा आणि वेचणी झाली की परत पसरा.

प्रश्न: सावईवेरे इथे कुळागर (पोफळी-माडांची बागायत) आहे. व्हाळाचे (ओढ्याचे) पाणी फेब्रुवारीतच कमी होते, पोफळी सुकतात. बोअरवेल मारावी का?

बोअरवेलचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी आहे ते पाणी कुठे जाते ते बघू.

पाटाने पाणी देताना एका पोफळीला एका पाळीत सुमारे 175 लिटर लागते, आणि एप्रिल-मेमध्ये दर तीन ते पाच दिवसांनी पाळी द्यावी लागते. चार दिवसांची पाळी धरली तर दिवसाला 44 लिटर झाले. ठिबकने त्याच झाडाला दिवसाला 16 ते 20 लिटर पुरतात. म्हणजे आज जेवढ्या पाण्यावर शंभर पोफळी कशाबशा तग धरतात, तेवढ्यात दोनशे आरामात निघतात. व्हाळाच्या पाण्यात पाचोळा आणि शेवाळ असते, म्हणून गाळणी दर आठवड्याला धुवायची. ठिबक बंद पडून अडगळीत गेल्याची बहुतेक उदाहरणे तुंबलेल्या गाळणीची असतात.

दुसरे, आच्छादन. पोफळीची आणि माडाची चुडते (झावळ्या), सोडणे (नारळाची सालटे), केळीची पाने सगळे आळ्यात राहू द्या. सोडणांविषयी एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. जमिनीवर पसरताना त्यांची पोकळ बाजू खाली करा, नाहीतर पहिल्या पावसात प्रत्येक सोडणात पाणी साचून डास होतात. माडाभोवती पुरताना मात्र उलट: बुंध्यापासून दोन मीटरवर अर्धा मीटर रुंद आणि तेवढाच खोल गोल चर काढून सोडणे पोकळ बाजू वर करून थरांत रचायची आणि प्रत्येक थरावर माती टाकायची. सोडण आपल्या वजनाच्या तीन ते पाच पट पाणी धरते आणि पाच-सहा वर्षे काम देते.

तिसरे, व्हाळावरचा हंगामी बांध. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, प्रवाह उतरला पण आटला नाही अशा वेळी घाला. डिसेंबर उजाडल्यावर अडवायला फारसे उरत नाही. तळातले सुटे गोटे पूर्ण काढून कातळ किंवा घट्ट जमीन उघडी करा. बांध गळतो तो बहुधा या गोट्यांतून, पिशव्यांतून नव्हे. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या दोन-तृतीयांशच भरा, म्हणजे त्या एकमेकींवर नीट बसतात. विटांसारखे सांधे चुकवत दोन ओळी रचा आणि मधल्या पोकळीत चिकण माती ठोकून भरा. उंची एक मीटरच्या आत, पायथ्याची रुंदी उंचीच्या दुप्पट, दोन्ही टोके काठात अर्धा मीटर घुसवलेली, आणि सांडव्यासाठी मध्यभाग खाली. पिशव्यांवर चुडते घाला, नाहीतर उन्हाने पिशव्यांचे प्लास्टिक दोन-तीन महिन्यांत कुजते आणि हात लावला की फाटते. मे संपायच्या आत बांध काढून टाका आणि पिशव्या घरी आणा, व्हाळात सोडू नका. व्हाळ तुमच्या एकट्याचा नाही. खालच्या बागायतदारांशी आधी बोला आणि थोडे पाणी सतत पुढे जाऊ द्या.

पावसाळ्यात याच कुळागराला उलटी गरज असते. पोफळीच्या दोन ओळींआड एक चर, लावणीच्या खड्ड्याच्या तळापेक्षा वीतभर खोल आणि बाहेर पाणी नेणारा हवाच. मुळांशी आठवडाभर पाणी साचलेली पोफळ उन्हाळ्यात आधी सुकते, कारण तिची बारीक मुळे तेव्हाच कुजलेली असतात. तुमच्या झाडांच्या सुकण्यात याचा वाटा आहे का ते खणून बघा.

प्रश्न: दिवाडीच्या खाजनात (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतात) भात आहे. रोपे लाल पडून मरतात. जिप्सम टाकायचा सल्ला मिळाला आहे. टाकू का?

माती तपासल्याशिवाय नको. खाजनाची मुख्य अडचण खारट पाण्याची आहे आणि मीठ धुऊन काढायला पावसाचे पाणी आपल्याकडे भरपूर आहे. ते बाहेर काढायची वाट आणि परत आत येऊ न देणारा बांध, हे दोन्ही शाबूत हवेत.

म्हणून पहिली पाहणी बांधाची आणि मानसाची (बांधातल्या पाण्याच्या दारांची). अमावस्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला, भरती पूर्ण चढलेली असताना आतल्या बाजूने चालत जा. जिथे पाणी झिरपते किंवा बुडबुडे येतात तिथे खुंटी ठोका. ओहोटी लागली की ती जागा उघडा. बहुधा खेकड्याचे बीळ निघेल. नुसते तोंड बुजवून उपयोग नाही, आतला बोगदा तसाच राहतो आणि पाणी त्यातून माती ओढत नेते. बीळ शेवटपर्यंत खणून काढा आणि खाजनातलीच चिकण माती 15 ते 20 सें.मी.च्या थरांत तुडवून भरा. डोंगराची लाल माती इथे वापरू नका, ती लाटांत विरघळते. बांधाच्या नदीकडच्या बाजूची खारफुटी राहू द्या, लाटेचा मार तीच झेलते.

मानसाची दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. फळीत काडी, चिखल किंवा शिंपले अडकले की दार पूर्ण मिटत नाही आणि दर भरतीला थोडे थोडे मीठ आत येते. मासळीसाठी भरतीच्या वेळी दार मुद्दाम उघडे ठेवले जात असेल, तर तो प्रश्न कुळांच्या संघाच्या बैठकीत मांडा. बांध आणि मानस ही सगळ्या खाजनाची सामाईक जबाबदारी आहे, एका शेतकऱ्याने आपली मेर (शेताचा बांध) उंच करून ती निभत नाही.

धुण्याची पद्धत: जूनच्या पहिल्या पावसाचे पाणी शेतात 10 ते 15 सें.मी. उभे करा, दोन-तीन दिवस ठेवा आणि ओहोटी गाठून सोडून द्या. असे तीन-चार वेळा करा. मगच मोड आलेले बी टाका किंवा लावणी करा. मातीची क्षारता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या खाली आलेली असावी, नमुना विभागीय कृषी कार्यालयात द्या. भात रोपाच्या आणि फुलोऱ्याच्या वेळी खारेपणाला सगळ्यात नाजूक असते. ज्योती, जया अशा जातींऐवजी कोरगूट (खारेपणा सोसणारी स्थानिक जात) किंवा जुने गोवे इथल्या केंद्रीय संशोधन संस्थेने काढलेल्या गोवा धान मालिकेतल्या जाती घ्या.

कापणीनंतर लगेच उथळ नांगरट करा, म्हणजे उन्हाळ्यात खालचे मीठ वर चढत नाही. खोल मात्र नको. काही खाजनांत खाली कुजक्या अंड्यासारखा वास येणारा काळा चिखल असतो. तो उघडा पडून सुकला की माती आंबट होते, चरातल्या पाण्यावर तांबूस तवंग येतो आणि पुढची दोन-तीन वर्षे पीक बसत नाही.

प्रश्न: शरद (पावसाळी) भात कापल्यावर मोरड (उंचावरची, पावसावर अवलंबून असलेली) जमीन मेपर्यंत पडीक राहते. पाणी नाही. काही करता येईल का?

येईल, पण दिवस थोडे आहेत. कापणी झाल्यावर जमीन भेगाळायच्या आत, शक्यतो आठ दिवसांत, अळसांदे (चवळी) किंवा कुळीथ पेरा. नांगरू नका, नांगरले की उरलेली ओल उडते. भाताच्या धसकटांमधून टोकणी करा, ओळींत 30 सें.मी., दोन दाण्यांत 10 ते 15. अळसांद्याचे बी हेक्टरी 20 ते 25 किलो, रायझोबियम (जिवाणू खत) चोळून. मोकाट गुरांचा बंदोबस्त मात्र सगळ्या वाड्याने मिळून करावा लागेल, एका शेतात हिरवे दिसले की गुरे तिथेच येतात.

प्रश्न: घराच्या छपराचे पाणी विहिरीत सोडले तर चालेल का?

थेट नको. विहिरीपासून चार-पाच मीटरवर एक मीटर लांब, रुंद, खोल खड्डा घ्या, तळाला मोठे दगड, वर खडी, सर्वांत वर जाड वाळू. जूनचे पहिले तीन-चार पाऊस बाहेर सोडून द्या, त्यात कौलांवरची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. 100 चौरस मीटर छपरावरून वर्षाला दोन लाख लिटरहून अधिक पाणी मिळते. सेप्टिक टाकी जवळ असेल तर ती जागा टाळा, आणि वाळूचा वरचा थर दरवर्षी मेमध्ये काढून धुवा.