शेवग्याच्या बिया किंवा केळीच्या साली टाकून बोअरच्या पाण्यातलं शिसं काढता येतं का?

प्रयोगशाळेत, हो. पण घरच्या पिण्याच्या पाण्यासाठी कृपया यावर विसंबू नका.

वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत पेक्टिन, सेल्युलोज, लिग्निन असतं. त्यांच्यावरचे कार्बोक्सिल गट (आम्लधर्मी अणुगट) ऋणभारित होतात आणि शिसं, कॅडमियम, तांबं यांचे धनभारित आयन (विद्युतभार असलेले कण) धरून ठेवतात. पाणी फार आम्ल असेल तर हायड्रोजन आयन त्या जागा अडवतात, म्हणून सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) साधारण ५ ते ६ असताना शिसं चांगलं पकडलं जातं. आर्सेनिकचं मात्र वेगळं. पाण्यात ते बहुधा ऋणभारित किंवा भाररहित असतं, त्यामुळे नुसत्या सालीला ते फारसं चिकटत नाही.

शेवग्याच्या बियांची खरी ख्याती गढूळपणा खाली बसवण्यासाठी आहे. सुदानमध्ये नाईलचं पाणी असंच निवळतात. पण निवळलेलं पाणी शिसंमुक्त असेलच असं नाही. शिशाची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि ते डोळ्यांना, जिभेला कळत नाही. शिवाय साल पाण्यात सेंद्रिय पदार्थ सोडते, त्यावर जंतू वाढतात.

आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाणी तपासा. शिसं निघालं तर आरओ लावा; उकळून ते जात नाही. आणि प्रयोग केलाच, तर वापरलेली साल खतात टाकू नका, पकडलेला धातू तिच्यातच असतो.