चाई पडून केस चाललेत, लग्नकार्यात विग लावून जावं का?

तुम्ही लिहिलंय की २९व्या वर्षी चाईचे तीन चट्टे पडलेत, केस परत येतील का, आणि बहिणीच्या लग्नात विग लावावा का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, नका लावू.

माझं ३४व्या वर्षी सुरू झालं, पहिला चट्टा पार्लरवालीनं दाखवला, आठ महिन्यांत भुवयांसकट सगळं गेलं. कांद्याचा रस चोळून कातडी सोलवटली, मग दर महिन्याला डोक्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं, पांढरी लव यायची नि परत झडायची. शेवटी नवऱ्याकडून ट्रिमर फिरवून घेतला. विगही आणलेला, पण मे महिन्यात ठाण्याहून घणसोलीला लोकलमध्ये उभं राहून तो सहन होत नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू नौपाड्यात मोठ्या जाऊबाईंकडे असतं. सकाळीच फोन, "विग लावून ये हं, सवाष्णी येणारेत, बोडकं डोकं बरं दिसत नाही." बोडकं! हा शब्द कुणाला वापरायचे ते त्यांनाही माहितीये. अहो, १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेऊन सांगितलं होतं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, आणि तुम्ही अजून केसांवरनं सवाष्ण ठरवता? हे तेव्हा तोंडातून निघालं नाही, काळी चंद्रकळा नेसले, ठसठशीत कुंकू लावलं आणि तशीच गेले. बायका गप्प. तळमजल्यावरच्या आजी उठल्या, कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि डोक्यावरनं हात फिरवत म्हणाल्या, "थंडी वाजते का गं?" मी तिथेच रडले. जाऊबाई स्वयंपाकघरातनं बाहेरच आल्या नाहीत. अजून म्हणतात मी मुद्दाम केलं. हो, मुद्दामच केलं.

आता केसांचं. चाईत आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उठते, पण मुळं मरत नाहीत, त्यामुळे तीनच चट्टे असतील तर केस यायची शक्यता चांगली असते, आलेले परत जाऊही शकतात. गजकर्णानेही असे चट्टे पडतात म्हणून आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, थायरॉइड तपासून घ्या. केस खूपच गेलेत त्यांच्यासाठी बॅरिसिटिनिब ही गोळी अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झाली, पण तिने इन्फेक्शनचा धोका वाढतो, मनाने घ्यायची नाही. आणि विग तुम्हाला स्वतःलाच आवडत असेल तर खुशाल लावा, मी वर जे म्हटलं ते दुसरं कुणी लाव म्हणत असेल तर.

यंदा रथसप्तमीला हळदीकुंकू माझ्याकडे आहे. जाऊबाईंना फोन केलाय, अजून येते म्हणाल्या नाहीत.