सातातली बेसलाइन म्हणजे रूपक का?

फोंड्याहून एका वाचकांनी विचारलं आहे: "तरुणपणी मी तबला शिकलो. माझा भाचा मडगावच्या एका बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. परवा म्हणाला, 'मामा, ही बेसलाइन सेव्हन-एटमध्ये (७/८) आहे.' मी म्हटलं, म्हणजे आपला सात मात्रांचा रूपक ताल. तो म्हणाला, रूपक नव्हे. मग 'टाइम सिग्नेचर'ला मराठीत ताल म्हणायचं की नाही? 'ऑड टाइम'ला विषम ताल म्हणावं, की उच्चार जुळतो म्हणून आडताल? आणि जाता जाता, 'बेस' बरोबर की 'बास'?"

मामा, भाचा बरोबर आहे. पण त्याने तुम्हाला कारण सांगायला हवं होतं, कारण ते फार सुंदर आहे. मी मराठी शिकवते आणि गेली बरीच वर्षं बेस वाजवते, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही काठांवर माझं येणंजाणं आहे.

रूपकाचा ठेका, म्हणजे तबल्यावरचे त्याचे ठरलेले बोल, तुमच्या हातात अजून असेल: तीं तीं ना, धीं ना, धीं ना. तीन-दोन-दोन. या तालाची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, 'खाली'वर असते, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायच्या जागी. पहिल्या तीन मात्रांत डग्गा, तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा, घुमत नाही, तो उघडतो चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. म्हणजे जिथून आवर्तन सुरू होतं नेमका तिथेच खर्ज, म्हणजे खालचा जाड आवाज, गप्प असतो आणि ऐकणाऱ्याने सम मनात धरायची असते. आता भाच्याची बेसलाइन ऐका. तो बहुधा पहिल्याच मात्रेवर सर्वांत जाड तार छेडत असेल. त्या तारेला पोर्तुगीज पद्धतीने सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकलेले आपल्याकडचे लोक 'मि' म्हणतील. मोकळी वाजवली तर तिची सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात, कानापेक्षा छातीला आधी कळणारा सूर. ड्रमरचा पायातला मोठा ड्रमही बहुतेक वेळा तिथेच पडतो. सात मात्रा दोन्हीकडे आहेत, पण रूपकात वजन जिथे मुद्दाम काढून घेतलंय तिथेच रॉकवाला ते ठेवतो. त्यात भाच्याची विभागणी दोन-दोन-तीन असेल तर सात हा आकडा सोडून दोघांत सारखं काहीच उरत नाही.

म्हणून 'टाइम सिग्नेचर' म्हणजे ताल नव्हे. ताल म्हटल्यावर आपण किती गोष्टी एकदम बोलतो बघा: मात्रा, खंड (मात्रांचे गट), सम, टाळी, खाली, आणि त्या सगळ्याला देह देणारा ठेका. झपताल आणि सूलताल दोन्ही दहा मात्रांचे, पण त्यांची गल्लत कुणी करत नाही. धमार, दीपचंदी आणि आडाचौताल तिन्ही चौदाचे. धमार पाच-दोन-तीन-चार असा, दीपचंदी तीन-चार-तीन-चार अशी. नुसता 'चौदा' म्हणणाऱ्याने अजून तालाचं नाव घेतलेलंच नसतं. आणि टाइम सिग्नेचर नुसतं तेवढंच सांगते. ती कागदाच्या सुरुवातीला लिहिलेली मापाची खूण आहे. वरचा आकडा म्हणतो किती, खालचा म्हणतो कोणत्या जातीचा सूर एक धरायचा: ४ असेल तर चतुर्थांश, ८ असेल तर अष्टमांश.

हा आकडा अपूर्णांकासारखा दिसतो, पण तो अपूर्णांक म्हणून वाचू नये. गणितात ३/४ आणि ६/८ एकच, संगीतात नव्हेत. एकात दोन-दोनचे तीन गट, दुसऱ्यात तीन-तीनचे दोन. आपल्या गोव्यातच पाहा. मांडो हे आपलं कोंकणी नृत्यगीत सहसा ६/४मध्ये लिहितात आणि त्याच्यामागून येणारं दुलपद ६/८मध्ये. वर दोन्हीकडे सहाच. तरी मांडो संथ, हुरहूर लावणारा, आणि दुलपद सुरू झालं की तीच माणसं पायांवर उड्या घेऊ लागतात. दुलपदाला दादऱ्याचा, म्हणजे सहा मात्रांच्या तालाचा, ठेका सहज बसतो. मांडोला दादरा लावून बघा, घुसमटतो तो. पणजीच्या कला अकादमीत हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य संगीत एकाच छपराखाली शिकवतात. तिथल्या मुलांना ही दोन्ही मोजमापं रोज कानावर येतात, आणि मराठीत त्यांच्यासाठी वेगळे शब्द नसले तर त्या मुलांचंच नुकसान आहे.

मग म्हणायचं काय? लिहिलेल्या खुणेला 'टाइम सिग्नेचर'च राहू द्या. तिच्यासाठी घडवलेले संस्कृत शब्द मी वर्गात वापरून पाहिले, ते मुलांच्या जिभेवर एक आठवडाही टिकत नाहीत. पण बोलताना तबलजींची जुनी सोय आहे, ती उचलावी: 'गाणं सातात आहे', 'ही गत नवात आहे'. आकड्याला सप्तमी लावली की काम झालं. 'सातात' म्हटल्यावर कुणाला रूपक ऐकू येत नाही आणि भाच्यालाही हरकत घेता येत नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. सात अष्टमांश, दोन-दोन-तीन, हे बेस वाजवणारा बोटांनी मोजत बसला तर बेसलाइन मेलीच. 'एक दोन तीन चार पाच सहा सात' हा हिशेब झाला, पायाला तो कळत नाही. पायाला कळतं ते असं: एक, एक, दीड. दोन सारखी पावलं आणि तिसरं जरा लांब. मिळून साडेतीन. मराठीत 'दीड' हा एवढासा, सुटसुटीत शब्द आहे. अडीच आहे, साडेतीन आहे, सव्वा आणि पावणेदोनही. इंग्रजीत दीड म्हणायला 'वन अँड अ हाफ' असे चार शब्द जोडावे लागतात. आपण लहानपणापासून दीड किलो साखर आणि अडीच मीटर कापड म्हणत आलो, त्यामुळे हे माप आपल्या अंगात आहे. मी शिकवते तेव्हा मुलांना आधी गिटार खाली ठेवायला लावते आणि अंगणात चालायला लावते: एक, एक, दीड. दहा मिनिटांत जमतं. मग म्हणते, तुझी बेसलाइन अशी चालली पाहिजे. 'चाल' या शब्दात आपण गाण्याची धून आणि माणसाचं चालणं एकत्र ठेवलंय, ते काही उगाच नव्हे.

बल्गेरियात राचेनित्सा नावाचं लोकनृत्य नेमक्या याच दोन-दोन-तीनच्या सातात असतं. गावातली म्हातारी माणसंसुद्धा त्यावर नाचतात आणि त्यांना ते मुळीच अवघड वाटत नाही. या जातीच्या तालांना संगीतशास्त्रात 'अक्साक' म्हणतात. मूळ तुर्की शब्द, अर्थ लंगडा. मला ते नाव आवडत नाही. जे पाऊल जाणूनबुजून लांब टाकलंय ते लंगडं कसं?

एक सावधगिरी मात्र हवी. हा दीड खालच्या ८मुळे आला. खाली ४ असेल, म्हणजे ७/४, तर त्या सात पूर्ण मात्रा असतात, दीडाचा प्रश्न नाही. १९७३ सालचं पिंक फ्लॉइडचं 'मनी' बहुतेक प्रत्येक नवशिका बेसवाला वाजवतो. रॉजर वॉटर्सची ती बेसलाइन अशीच सात पूर्ण मात्रांची आहे. पुढे गिटारच्या एकल वादनात गाणं चारात जातं आणि एकदम मोकळं झाल्यासारखं वाटतं. आधीच्या सातने कान किती घट्ट बांधला होता ते तिथे कळतं.

त्या गाण्यातली बेसलाइन आवर्तनामागून आवर्तन जवळजवळ तशीच फिरत राहते. तुम्हाला तबल्याचं एकल वादन आठवेल, शेजारी सारंगी किंवा पेटीवरचा लेहरा, म्हणजे आवर्तनभर पुन्हा पुन्हा फिरणारी एकच धून. तबलजी कुठेही भटकून येवो, लेहरा सांगत राहतो की सम इथे आहे. सातातल्या बेसलाइनला आपल्याकडची सर्वांत जवळची वस्तू कोणती असं विचाराल तर मी लेहरा म्हणेन. म्हणूनच मला विषम मापात फार सूर कोंबणारे बेसवादक पटत नाहीत. माप जितकं अनोळखी, तितकी बेसलाइन साधी हवी. लेहऱ्यात कुणी ताना घेतं का?

वर मीच 'विषम माप' लिहून गेले, तर त्या शब्दाबद्दल. विषम संख्या आपण शाळेत शिकतो, त्यामुळे तो आधी सुचतो. माप किंवा मात्रासंख्या विषम म्हणायला हरकत नाही, पण 'विषम ताल' म्हणू नये. एक तर तालशास्त्रात तो शब्द आधीच बसलाय: सम, विषम, अतीत, अनागत हे चार ग्रह, म्हणजे गाणं समेच्या हिशेबाने कुठून उचललं त्याचे प्रकार. दुसरं असं की अडचण बेरजेत नसतेच, ती खंडांत असते. दीपचंदीचे चौदा सम संख्येचे आहेत, तरी तीन-चारचं डुलणं तिच्यात आहेच. 'असमान खंडांचा ताल' हे जरा लांबलचक आहे, पण खरं आहे. दाक्षिणात्य नावं आणखी नेमकी: पाचाला खंड, साताला मिश्र, नवाला संकीर्ण जाती. ही नावं आपले तबलजीही लयकारीत, म्हणजे लयीच्या खेळात, वापरतात. पाचाबद्दल एवढंच की झपताल म्हणजे दोन-तीनचा पाच दोनदा, फक्त दुसऱ्या फेरीची सुरुवात खालीची.

'आडताल' तर अजिबात नको. उच्चार जुळतो हा निव्वळ योगायोग आहे. आड म्हणजे दीडपट लय, दोन मात्रांच्या जागेत तीन. तो शब्द हरवणं आपल्याला परवडणार नाही, निदान गोव्यात तरी. याच मातीतले लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकर हातापायांवर एकाच वेळी वेगवेगळे ताल धरून सगळ्यांना एका समेवर आणत, अशी त्यांची ख्याती आहे. लयीचे अपूर्णांक ज्या भूमीत इतक्या प्रेमाने जपले गेले तिथे 'आड'ला ऑडचा अपभ्रंश होऊ देऊ नये.

राहिला 'बेस'. इंग्रजी उच्चार बेस असाच आहे, 'बास' हा नुसत्या स्पेलिंगवरून वाचलेला. मूळ लॅटिन 'बास्सुस', म्हणजे ठेंगणा, खालचा. पाया या अर्थाचा 'बेस' वेगळा, तो ग्रीक 'बासिस'वरून आला. बेस म्हणजे गाण्याचा पाया हे वाक्य अर्थाने खरं आहे, व्युत्पत्तीने नाही. आपला स्वतःचा शब्द आहे खर्ज. षड्जाचा खरज झाला, त्याचा खर्ज, आणि तंबोऱ्याची शेवटची जाड तार अजून खर्जाचीच म्हणवते. चवथीच्या आरतीला शामेळ आणि कांसाळ्यांच्या गजरात घुमट वाजतं, तेव्हा वादकाचा डावा हात मडक्याचं मागचं तोंड झाकत-उघडत असतो ना, तो हात खर्जच घडवत असतो. (घाटावरच्या वाचकांसाठी: हे घुमट देवळावरचं नव्हे, मातीच्या भांड्याला कातडं ताणून केलेलं वाद्य. शामेळ हे छोटं चर्मवाद्य, कांसाळी म्हणजे झांजा.) वाद्याला बेस गिटार म्हणा, पण त्याच्या आवाजाबद्दल लिहिताना खर्ज लिहा. 'बेस वाढव'पेक्षा 'खर्ज वाढव' कानाला जास्त भरीव लागतं.

लिंगाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी भाच्याशी बोलताना लागेल. वाद्य असेल तर ती बेस, गिटार स्त्रीलिंगी म्हणून: 'माझी बेस दुरुस्तीला दिलीय.' आवाज असेल तर तो: 'बेस फार झाला, कमी कर.' बेसलाइन मात्र नेहमीच ती.