एमआरआयमध्ये काही विशेष नाही, तरी कंबर दुखते. मग हे दुखणं खोटं का?

तुम्ही विचारलंय : दोन वर्षांपासून कंबर दुखते, एमआरआयमध्ये मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली आहे, डॉक्टर म्हणतात टेन्शनमुळे आहे, मग हे माझ्या मनाचे खेळ आहेत का?

नाही हो. तुमचं दुखणं पूर्ण खरं आहे. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर माझी तीन वर्षं वाचली असती.

मी नागपूरला इतवारीत एका ठोक दुकानात हिशेब लिहिते. माझ्याही रिपोर्टात गादी फुगलेलीच निघाली. त्या एका ओळीला मी इतकी घाबरले की बादली उचलणं, खाली बसणं, स्कूटी चालवणं, सगळं सोडलं. सासूबाई म्हणायच्या, "काहून गं, डॉक्टर तं म्हणते काहीच नाही!" मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

शेवटी एका डॉक्टर मॅडमनी विचारलं, "दुखत कधी नाही?" मी आठवत बसले. भंडाऱ्याला भाचीच्या लग्नात दोन दिवस वाकून वाकून पंगती वाढल्या, तेव्हा कंबरेनं त्रास दिला नव्हता. आणि वडिलांच्या घराच्या वाटणीसाठी भावाचा फोन आला की पाच मिनिटांत कंबर आवळून यायची. फोन कुणाचा, हे गादीला कसं कळणार?

त्या डॉक्टर मॅडमनीच सांगितलं, १९९४ साली अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्या लोकांची गादी फुगलेली होती. दुखणं ही मेंदूनं वाजवलेली धोक्याची घंटा आहे. तीन महिन्यांपलीकडे रेंगाळलेल्या दुखण्यात ती कधीकधी इजा भरून आल्यावरही वाजत राहते. भीती, गिळलेला राग, अपुरी झोप, यांनी तिचा आवाज वाढतो.

मी पाव बादलीपासून सुरुवात केली, मग अर्धी. पहाटे ऊन चढायच्या आत अंबाझरी तलावावर फिरायला जाऊ लागले. कळ आली की बसून स्वतःला सांगायची, काही मोडलेलं नाही. सगळ्यात कठीण गेलं ते भावाला मनातलं बोलणं. त्या दिवशी कंबर खूप दुखली, पुढचा महिना मात्र बराच हलका गेला. अजूनही मार्चअखेरीस, हिशेबाच्या गर्दीत, दुखतं. आता घाबरत नाही.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा : लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातलं बळ गेलं, तर ताबडतोब दवाखाना गाठा. ताप किंवा वजन घटणं असेल तरी आधी डॉक्टरांना दाखवा. ताण वगैरे नंतर बघू.

तसं काही नसेल, तर आज रात्री वही घ्या आणि या आठवड्यात कंबर कधी कधी दुखली नाही, तेवढंच लिहून काढा.