कोरकू बोलणारी मुले, मराठी बोलणारा टॅब

प्रश्न : आमच्या जि. प. शाळेत पहिली-दुसरीची बहुतेक मुले घरी कोरकू बोलतात. शाळेला दोन टॅब मिळालेत. पण ढाण्यावर (आमच्या छोट्या वस्तीवर) नेट नाही, विजेचाही भरवसा नाही. मराठी व्हिडिओ मुले बघतात, पण काही विचारले की गप्प. एका मुलीला कमी दिसते. काय करावे?
– एक शिक्षिका, धारणी तालुका

उत्तर : ताई, कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचे नाते नाही, म्हणून शब्दाचा अंदाज बांधायलाही या मुलांना फारसा आधार सापडत नाही. टॅबमध्ये मजकूर वाचून दाखवणारे जे आवाज असतात, त्यांत कोरकू नाही. तो आवाज गावातूनच घ्यावा लागेल.

पाठ्यपुस्तकातले एक चित्र घ्या. त्यावर पाच-सहा छोटी वाक्ये एखाद्या आईकडून किंवा सातवीतल्या मुलीकडून कोरकूत बोलवून घ्या. टिनाच्या छताखाली आवाज घुमतो, त्यापेक्षा मातीच्या घरात बसा. पंखा बंद, मोबाईल तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला, म्हणजे श्वासाची फुसफुस येत नाही. प्रत्येक वाक्याची वेगळी फाइल करा. सलग फाइलमध्ये हवे ते वाक्य पुन्हा सापडत नाही, आणि पुन्हा ऐकण्यातच तर खरा फायदा आहे.

वर्गात आधी पूर्ण गोष्ट कोरकूत ऐकवा, मुलांना त्यावर भरपूर बोलू द्या, मग ती मराठीत. वाक्यामागून वाक्य भाषांतर मात्र नको. कोरकू येणारच हे कळले की मूल मराठीकडे कान देत नाही. एका टॅबभोवती चार-पाच मुलेच बसवा.

दीक्षा या सरकारी शिक्षण-ॲपवरचे पाठ तालुक्याला गेल्यावर टॅबवर उतरवून घ्या आणि तिथेच फ्लाइट मोड लावून उघडून बघा. अर्धवट उतरलेला पाठ एरवी शाळेतच उघडा पडतो.

त्या मुलीचे डोळे आरोग्य पथक शाळेत येईल तेव्हा आवर्जून तपासून घ्या. कित्येकदा चष्म्यानेच काम होते. तोवर टॅबच्या सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीमधून अक्षर मोठे करा, मॅग्निफिकेशन (पडदा मोठा करून दाखवण्याची सोय) लावा आणि पडद्यावर खिडकीचा उजेड चमकणार नाही अशी तिला बसवा. टॉकबॅक (पडद्यावरचे बोलून दाखवणारी सोय) सगळ्यांच्या टॅबवर नको : त्यात एका टिचकीने फक्त नाव वाचले जाते, उघडायला दोन टिचक्या लागतात, आणि इतरांना टॅब बिघडलासा वाटतो.

उन्हाळ्यात टॅब पत्र्याच्या पेटीत कोंडू नका. टॅबची मागची बाजू फुगलेली दिसली तर तो चार्जिंगला लावायचाच नाही.