सैन्य परत गेलं, मग मुठीत कसे?

प्रश्न : एमपीएससीच्या नोट्समध्ये परावलंबन सिद्धांत, नववसाहतवाद, सांस्कृतिक वर्चस्व असं सगळं एका पानात उरकलंय. पाठ झालंय पण डोक्यात शिरत नाही. साहेब झेंडा उतरवून घरी गेला तरी तो देश त्याच्या मुठीत राहतो कसा? आणि आपल्या नाकर्तेपणाचं खापर दुसऱ्यावर फोडायची ही सोय तर नाही ना? – एक वाचक, कराड

उत्तर : नोट्स जरा बाजूला ठेवा आणि पश्चिम आफ्रिकेकडे बघा. आयव्हरी कोस्ट, सेनेगल वगैरे 1960 मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झाले, पण खिशातली नोट तीच राहिली, सीएफए फ्रँक, फ्रान्सनंच 1945 मध्ये सुरू केलेली. तिचा दर आधी फ्रेंच फ्रँकला बांधलेला, आता युरोला, एका युरोला 655.957. नोटा छापून येतात फ्रान्समधून. वर या देशांनी कमावलेल्या परकीय गंगाजळीतला निम्मा हिस्सा, आणि त्याआधी तर निम्म्याहून जास्त, फ्रेंच सरकारी तिजोरीत ठेवायचा, ती अट काढायचं ठरलं थेट 2019 मध्ये, तेही पश्चिमेकडच्या आठ देशांपुरतं. बदल्यात चलनाच्या दराला फ्रान्सची हमी आणि महागाई आटोक्यात, हा फायदा खोटा नाही. पण चलन मजबूत म्हणजे बाहेरचा माल स्वस्त आणि आपला महाग, मग गावातला कारखाना उभा राहणार कसा? राजधानीतल्या साहेबलोकांना मात्र फ्रेंच वाईन परवडते, त्यामुळे तक्रार करणार कोण. जानेवारी 1994 मध्ये एका झटक्यात या चलनाची किंमत निम्म्यावर आणली, पगार तेवढाच आणि बाहेरून येणाऱ्या औषधांचा हिशोब रातोरात दुप्पट.

आता तुमचा परावलंबन सिद्धांत, म्हणजे गरीब देश श्रीमंत देशांवर अवलंबून ठेवले जातात म्हणूनच मागे राहतात, हे म्हणणं. अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राऊल प्रेबिश 1949 च्या सुमाराला म्हणाले की कच्चा माल विकून यंत्रं घेणाऱ्याला दरवर्षी तेवढ्याच यंत्रासाठी जास्त माल द्यावा लागतो. आयव्हरी कोस्ट आणि घाना मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात आणि भाव ठरतो लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ वॉलरस्टाईन यालाच केंद्र (श्रीमंत, यंत्रं विकणारे देश) आणि परीघ (कच्चा माल पुरवणारे देश) म्हणतात, आणि आपल्या दादाभाईंनी संपत्तीच्या गळतीचा हिशोब तर त्यांच्या कितीतरी आधी मांडलेला.

बाहेर पडलं तर? फ्रान्सच्या छत्राखाली राहायचं का, या 1958 च्या सार्वमतात गिनी या तिथल्याच फ्रेंच वसाहतीनं फ्रान्सचे नेते द गॉल यांना सरळ ‘नाही’ म्हटलं. फ्रेंच अधिकारी जाताना फायली, सामान, नेता येईल ते घेऊन गेले, आणि 1960 मध्ये गिनीनं स्वतःचं चलन काढलं तर फ्रेंच गुप्तहेरांनी त्याच्या खोट्या नोटा बाजारात सोडल्या. झेंडा उतरल्यावरही हात कुठपर्यंत पोचतो ते इथे दिसतं, नववसाहतवाद म्हणतात तो हाच.

संस्कृतीचं म्हणाल तर बर्गर-जीन्सवर फार अडकू नका, तो भाग मला वरवरचा वाटतो. सेनेगलचे उस्मान सेम्बेन फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहायचे, पण आपल्याच लोकांना त्या वाचता येत नाहीत म्हणून सिनेमाकडे वळले. 1968 चा ‘मंदाबी’ त्यांनी वोलोफ या तिथल्या बोलभाषेत काढला, पण पैसा फ्रान्सचा, म्हणून तोच सिनेमा फ्रेंचमध्येही शूट करावा लागला. कुणी बंदी घातली नव्हती, फक्त पैशाचा रस्ता पॅरिसवरून जात होता.

खापराबद्दल तुमची शंका अगदी रास्त आहे. आयव्हरी कोस्टचे अध्यक्ष उफुएत-ब्वानी यांनी कोकोचे भाव कोसळत असताना आपल्या जन्मगावी, यामुसुक्रोला, व्हॅटिकनशी बरोबरी करणारं चर्च बांधलं, 1990 मध्ये पोपनी त्याचं उद्घाटन केलं. हे काही पॅरिसनं सांगितलं नव्हतं. आणि दक्षिण कोरिया, 1945 पर्यंत जपानची वसाहत, तोही परिघावरच होता की, पण जमीन सुधारणा, कर्जवाटपावर सरकारचा ताबा, देशी उद्योगांना संरक्षण आणि हो, अमेरिकेची मदत आणि बाजारपेठ, यावर वर आला. परावलंबनवाले इथे अडखळतात, सापळा कसा लागतो ते नीट सांगतात, कोण कसा सुटला ते फारसं नाही. पेपरात टीका विचारली तर हेच कोरियाचं उदाहरण टाका.