वाचक विचारतात: स्वादुपिंडाचा कॅन्सर फोटोत कधी दिसायला लागतो?

या महिन्यात स्वादुपिंडावर, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत पॅन्क्रियाजवर, इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकात ढकललेत. प्रश्न थोडे छाटलेत, नावं काढलीत. मी रेडिओलॉजिस्ट, दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांची पोटं स्क्रीनवर बघणारा माणूस, त्यामुळं केमो आणि ऑपरेशनचं मला विचारू नका, ते त्या त्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न, कागलहून: वडील ५९ वर्षांचे, शेती करतात, तंबाखू आहे. घरात कुणालाच शुगर नाही, पण दिवाळीनंतर तपासली तर एकदम २८० निघाली. गोळ्या चालू केल्या तरी वजन उतरायलंय, पँट कमरेला राहीना. सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी फॅमिली डॉक्टर डाय घालून सीटी करा म्हणून मागं लागलेत. दोन वर्षांमागं मुतखड्यासाठी एक सीटी झालाय, तेव्हा पण काही नव्हतं. खरंच गरज आहे का उगाच खर्च?

उत्तर: तुमचे डॉक्टर हुशार आहेत, त्यांचं ऐका. आता आधी एक काम करा, सोनोग्राफीचा रिपोर्ट फाईलमधनं काढा आणि पॅन्क्रियाजची ओळ वाचा. बहुतेक तिथं 'ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस' असं काहीतरी लिहिलेलं असेल. त्याचा अर्थ नॉर्मल आहे असा होत नाही, त्याचा अर्थ दिसलंच नाही असा होतो, पण शेवटी इम्प्रेशनमध्ये, म्हणजे निष्कर्षात, 'नो सिग्निफिकंट अॅबनॉर्मॅलिटी' (विशेष दोष नाही) छापलं की घरी सगळे सुटकेचा श्वास सोडतात. हे मी रोज बघतो आणि रोज वैतागतो. पॅन्क्रियाज जठराच्या मागं, मणक्याला लागून आडवं पडलेलं असतं, सोनोग्राफीचा आवाज गॅसमधनं पलीकडं जात नाही, आणि आदल्या रात्री तांबडा-पांढरा ओढून आलेल्या माणसाच्या पोटाचं तर विचारूच नका.

दुसरं, शुगर. शुगर झाली म्हणजे कॅन्सर असला अर्थ कुणी काढू नका. पण पन्नाशीनंतर नव्यानं शुगर निघालेल्या लोकांचा अमेरिकेत मेयो क्लिनिक या मोठ्या हॉस्पिटलनं अभ्यास केला तेव्हा साधारण १०० तल्या एकाला पुढच्या ३ वर्षांत पॅन्क्रियाजचा कॅन्सर निघाला. म्हणजे ९९ जणांना नाही. पण त्यातसुद्धा शुगर वाढताना वजन कमी होतंय, घरात शुगरचा इतिहास नाही, वर तंबाखू, असं सगळं जुळून आलं की आम्ही कान टवकारतो, कारण साधी शुगर सहसा वजन वाढलेल्या माणसाला गाठते आणि इथं उलटं चाललंय.

आता सीटीत काय होतं ते सांगतो म्हणजे वडलांना नीट समजावता येईल. आधी क्रिएटिनिन बघतात, किडनी ठीक आहे का म्हणून. मग हाताच्या शिरेत सुई, त्यातनं आयोडीनचा डाय जोरात आत जातो, अंगभर गरम लाट येते आणि ओटीपोटात तर लघवी झाली की काय असं वाटतं, झालेली नसते, हे आधीच सांगून ठेवा नाहीतर गडी घाबरून हलतो आणि सगळे फोटो हलतात. डाय दिल्यापासनं साधारण ४० ते ४५ सेकंदांनी पहिला राउंड आणि ७० सेकंदांच्या आसपास दुसरा. हा पहिला राउंडच महत्त्वाचा. तेव्हा चांगलं पॅन्क्रियाज डाय पिऊन उजळतं, आणि ट्यूमर चिवट, तंतुमय, रक्तपुरवठा कमी, म्हणून तो करडाच राहतो. साधा पोटाचा सीटी बऱ्याचदा एकाच, उशिराच्या राउंडवर उरकतात, तेव्हा हा फरक पुसट होतो. म्हणून चिठ्ठीवर 'पॅन्क्रियाज प्रोटोकॉल' लिहून घ्या.

काही ट्यूमर मात्र आजूबाजूच्या मांसासारखेच दिसतात, कितीही डाय घाला. तिथं आम्ही नळी बघतो. पॅन्क्रियाजच्या मधनं एक बारीक नळी जाते, जेमतेम २-३ मिलिमीटरची. ट्यूमर बसला की ती शेपटीकडनं, म्हणजे पॅन्क्रियाजच्या निमुळत्या टोकाकडनं, फुगत येते, ५-६ मिलिमीटर होते, आणि एका जागी कापल्यासारखी अचानक संपते. फुगलेल्या बाजूचं पॅन्क्रियाज वाळून पातळ झालेलं. गाठ दिसो न दिसो, नळी जिथं तुटली तिथं काहीतरी बसलंय, एवढं धरून एंडोस्कोपिक सोनोग्राफीला पाठवायचं, म्हणजे दुर्बीण तोंडातनं जठरात नेऊन आतनंच सोनोग्राफी, मधे गॅसची कटकट नाही, २ सेंटिमीटरच्या आतली गाठ पण सापडते आणि तिथनंच सुईनं तुकडा घेता येतो.

आणि मुतखड्याच्या सीटीची सीडी कुठाय? कपाटात असेल, नाहीतर जिथं काढला तिथनं कॉपी मागा, आणि नव्या सीटीला जाताना घेऊन जा. नुसता रिपोर्ट नको, सीडी. तेव्हा बघणारा मुतखडा शोधत होता. आज नळी ५ मिलिमीटर आहे एवढं कळून मला अर्धंच कळतं, दोन वर्षांमागं २ होती का तेव्हापासनंच ५ आहे, यावर सगळं फिरतं. मेयोच्याच २००४ च्या एका छोट्या अभ्यासात कॅन्सर सापडलेल्या लोकांचे जुने सीटी परत काढून बघितले, तर निदानाच्या ६ ते १८ महिने आधीच्या सुमारे निम्म्या सीटींत संशयाची खूण होती, बहुतेक ही नळीच. आता तर कॉम्प्युटरला पण हे शिकवलंय. चीनमध्ये 'पांडा' नावाची एआय सिस्टिम बनवली, २०२३ मध्ये तिचा पेपर आला, डाय न घातलेल्या साध्या सीटीवर २०,५३० लोकांत तपासली तर दोष असलेल्या १०० पैकी जवळपास ९३ जणांतला दोष तिनं पकडला. मुतखड्याचा सीटी पण सहसा बिन-डायचाच असतो, म्हणून म्हणतो सीडी फेकू नका.

प्रश्न, शिवाजी विद्यापीठातनं एक एमएस्सीचा विद्यार्थी: हा कॅन्सर वाढायला २० वर्षं लागतात असं वाचलं. एवढा वेळ असतो तर इमेजिंगमध्ये लवकर का सापडत नाही?

उत्तर: २० वर्षांचा हिशोब २०१० च्या पेपरमधला. वारलेल्या ७ रुग्णांच्या गाठींतले जनुकीय बदल मोजून काढलेला अंदाज: पहिल्या बदलापासनं पहिली कॅन्सरची पेशी व्हायला ११-१२ वर्षं, पसरायची ताकद यायला अजून सुमारे ७, त्यानंतर रुग्णाच्या हातात २-३ वर्षं. पण २०१६ मध्ये टोरोंटोच्या मंडळींनी दाखवलं की काही गाठींत क्रोमोसोमची एकदम मोडतोड होते आणि बरेच बदल एका झटक्यात उरकतात, तेव्हा सगळ्यांना एकच घड्याळ लावता येत नाही.

बरं, वेळ आहे म्हणून फोटोत दिसेलच असं कुठाय! सुरुवातीची पायरी म्हणजे पॅनइन, नळीच्या अस्तरातला बदल, ५ मिलिमीटरच्या आतला, मायक्रोस्कोपशिवाय दिसतच नाही. आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं पॅन्क्रियाजच्या कॅन्सर नसलेल्या भागाचे पातळ काप घेऊन कॉम्प्युटरवर थ्रीडी जोडले तर एका घन सेंटिमीटरला सरासरी १३ पॅनइन निघाले! म्हणजे उद्या सगळे पॅनइन दाखवणारं मशीन आलं तरी पंचाईतच, आपल्यापैकी कित्येकांच्या पोटात ते असणार आणि बहुतेकांना आयुष्यात काही होणार नाही. कुठला पुढं बिघडणार हे फोटो सांगत नाही, खरं संशोधन त्यावरच अडलंय. उलट गाठ दिसायच्या आकाराची झाली की वेळ उरत नाही, २०१५ च्या एका अंदाजानुसार पहिल्या टी-स्टेजपासनं (टी-स्टेज म्हणजे मूळ गाठ किती वाढली त्याची पायरी) चौथीपर्यंत जायला सरासरी वर्षापेक्षा थोडंच जास्त. म्हणून निदानाच्या वेळी ऑपरेशन करता येईल असे १५-२० टक्केच उरतात. प्रोजेक्ट करायचाय तर एकाच माणसाचे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो लावून बघायच्या कामात शिरा, एकट्या फोटोत सगळे अडकलेत.

प्रश्न, राजारामपुरीतनं, भिशी ग्रुपच्या एक ताई: आम्ही आठजणी फुल बॉडी स्कॅनचं पॅकेज घ्यायचं म्हणतोय, ग्रुपला डिस्काउंट आहे. यात हा कॅन्सर लवकर सापडेल का?

उत्तर: ताई, ते पैसे भिशीतच ठेवा. समजा १ लाख धडधाकट लोकांत १० जणांना हा आजार आहे आणि टेस्ट १०० तल्या एकाच निरोगी माणसाला चुकून आजारी म्हणते, म्हणजे टेस्ट चांगलीच. तरी हजारभर निरोगी लोकांची झोप उडणार, मग पुढचे सीटी, दुर्बिणी, सुया. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह टास्क फोर्सनं, म्हणजे कुठल्या तपासण्या कराव्यात याचा सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ समितीनं, २०१९ मध्ये परत सांगितलंय, लक्षणं नसलेल्या सर्वसाधारण माणसाची या कॅन्सरसाठी तपासणी करू नका. पण आठजणींत कुणाच्या आई-वडील-भावंडांपैकी दोघांना हा कॅन्सर झाला असेल, किंवा घरात कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए २ जीनचा दोष निघालेला असेल, तर तिची गोष्ट वेगळी, तिनं जेनेटिक्सच्या डॉक्टरांना भेटावं, तिच्यासाठी दरवर्षी एमआरआय किंवा ती आतली सोनोग्राफी असा कार्यक्रम असतो.

प्रश्न, इचलकरंजीहून: आईच्या पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली त्यात पॅन्क्रियाजला १.२ सेंटिमीटरची सिस्ट (पाण्याची पिशवी) सापडली. एमआरसीपी (पित्त आणि पॅन्क्रियाजच्या नळ्यांचा एमआरआय) केला, आता एका वर्षानं परत करा म्हणतात. आई बंद मशीनला लई घाबरते. नाही केला तर चालेल का?

उत्तर: करा. एवढ्या सिस्ट वयानुसार पुष्कळ लोकांत सापडतात आणि बहुतेक तशाच राहतात, ३ सेंटिमीटरच्या पुढं गेली, आत घट्ट भाग दिसला किंवा मुख्य नळी ५ मिलिमीटरच्या वर फुगली तर आम्ही काळजीनं बघतो, नळी १० मिलिमीटरच्या वर असेल तर सर्जनला दाखवायचं. हे बदल झाले का ते दुसऱ्या फोटोशिवाय कळायचं कसं? एमआरसीपीत रेडिएशन नसतं, बऱ्याचदा डायही लागत नाही. आईला सांगा, मशीन दोन्ही बाजूंनी उघडं असतं, हातात घंटी देतात, दाबली की बाहेर काढतात. डोळ्यांवर रुमाल टाकून आत गेलं की बऱ्याच जणींना सोपं जातं. पेसमेकर किंवा शरीरात कुठं धातू असेल तर आधीच सांगा, ४-५ तास उपाशी न्या, आणि मागच्या वेळची सीडी पिशवीत टाका.